बुद्धिबळाच्या चालींची मोजदाद

अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, श्रीगोंदे तालुक्यात, काष्टी हे गाव आहे. दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग भीमा ओलांडून या गावावरून पुढे जातो. काष्टीचा शनिवारचा बाजार जनावरांसाठी प्रसिद्ध आहे. बैल, गाई, म्हशी, शेळ्या यांची दाटी होते, धूळ उडते, आणि हातरुमालाखाली बोटे दाबून सौदे ठरतात. अशा बाजारात एकूण किती जनावरे आली, हे मोजावयाचे झाल्यास कसे मोजावे? नुसते फिरून मोजू लागल्यास एकच बैल दोनदा मोजला जातो आणि झाडाआडची म्हैस राहून जाते. परंतु प्रवेशद्वारावर बसून प्रत्येक जनावरामागे एक पावती फाडली, तर संध्याकाळी एकही जनावर न पाहता शेवटच्या पावतीवरील अंक वाचला की काम झाले. मोजणे अवघड नसते. काही सुटू न देणे आणि एकच वस्तू दोनदा न मोजणे, हे अवघड असते.

बाजारातील जनावरे निदान डोळ्यांसमोर उभी असतात. काही वस्तू अशा असतात की, त्या समोर नसतानाच त्यांची संख्या काढावी लागते. समजा, दौंडहून काष्टीस येण्यास आगगाडी आणि मोटार अशी दोन साधने आहेत, आणि काष्टीहून श्रीगोंद्यास जाण्यास मोटार, बैलगाडी व पायवाट अशी तीन. तर दौंडहून काष्टीमार्गे श्रीगोंद्यास किती प्रकारांनी जाता येईल? दोन गुणिले तीन, म्हणजे सहा. हे सांगण्यासाठी कोणासही सहा वेळा प्रवास करावा लागत नाही.

या प्रकारच्या मोजणीत आपल्या देशातील गणित्यांनी फार पूर्वी प्रावीण्य मिळविले होते. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथाच्या अखेरीस ‘अंकपाश’ नावाचे एक प्रकरण आहे. त्यात असा प्रश्न येतो: शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, त्रिशूळ इत्यादी दहा वस्तू आहेत, त्यांची हातांत अदलाबदल केल्यास मूर्तीचे किती भेद होतील? पहिल्या हातासाठी दहा पर्याय, दुसऱ्यासाठी उरलेले नऊ, तिसऱ्यासाठी आठ, असे एकापर्यंत गुणीत गेल्यास उत्तर येते ३६,२८,८००. चार हातांच्या विष्णूच्या मूर्तीचे भेद मात्र अवघे २४. छत्तीस लक्ष मूर्ती घडविणारा शिल्पकार कोठेही मिळणार नाही. पण त्यांची संख्या पाटीवर चार ओळींत निघते. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगावाजवळील पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात आहे.

आता हाच प्रश्न बुद्धिबळाच्या पटावर मांडून पाहावा. डाव सुरू झाल्यापासून अमुक इतक्या चालींपर्यंत तो किती वेगवेगळ्या प्रकारांनी खेळला जाऊ शकतो? येथे ‘चाल’ म्हणजे एका खेळाडूने एकदा मोहरे हलविणे. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक मिळून दोन चाली धरावयाच्या.

पहिली चाल पांढऱ्याची. आठ प्याद्यांपैकी प्रत्येक प्यादे एक किंवा दोन घरे पुढे जाऊ शकते. हे सोळा प्रकार झाले. हत्ती, उंट, वजीर आणि राजा स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेले असतात. घोडे मात्र उडी मारून बाहेर पडतात आणि प्रत्येकास दोन घरे मोकळी असतात. एकूण वीस. (आपल्याकडील जुन्या देशी खेळात प्याद्यास आरंभी बहुधा एकच घर जाण्याची मुभा असे, त्या रीतीने प्याद्यांच्या चाली सोळांऐवजी आठच भरतात. नियम बदलला की संख्या बदलते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.) काळ्यासही उत्तरादाखल तितक्याच वीस चाली असतात, म्हणून दोन चालींचे प्रकार वीस गुणिले वीस, म्हणजे ४००.

येथवर शंकराच्या मूर्तीचा गुणाकार चालला. तिसऱ्या चालीस तो मोडतो. वीस गुणिले वीस गुणिले वीस म्हणजे ८,००० हे उत्तर चूक आहे. खरे उत्तर ८,९०२.

असे का व्हावे? पांढऱ्याने राजापुढील प्यादे दोन घरे सरकविले, की उंटाची व वजिराची वाट मोकळी होते. मग दुसऱ्या खेपेस पांढऱ्यापुढे वीस नव्हे तर तीस चाली असतात. पण त्याही नेहमी तीसच नसतात. काळ्याने आपल्या राजापुढील प्यादे दोन घरे आणून समोर उभे केले, तर पांढऱ्याचे प्यादे अडते आणि एक चाल कमी होते. काळ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे आणले, तर ते मारता येते आणि एक चाल वाढते. काळ्याच्या राजाच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे दोन घरे आले, तरीही तसेच. वजिराकडील घोड्यापुढील प्यादे दोन घरे आले, तर पांढऱ्या उंटाच्या वाटेत ते येते. उंट त्यास मारू शकतो, पण त्याच्या पलीकडील घर त्यास मिळत नाही. दोन वाढल्या, दोन घटल्या. बेरीज पुन्हा वीस गुणिले तीस, म्हणजे ६०० झाली. याउलट, पांढऱ्याने अगदी कडेचे प्यादे एकच घर सरकविले असेल, तर त्याने स्वतःच्याच घोड्याचे एक घर अडविलेले असते आणि त्या आरंभापासून तीन चालींचे अवघे ३८० प्रकार होतात. वजिरापुढील प्यादे एक घर सरकविल्यास ५३९ आणि राजापुढील सरकविल्यास ५९९. म्हणजे पटाची डावी बाजू आणि उजवी बाजूसुद्धा सारख्या नाहीत. प्रत्येक चालीने पुढच्या चालींची संख्या बदलते. म्हणून या खेळास भास्कराचार्यांच्या सूत्रासारखे सूत्र लागू पडत नाही. एकेका वाटेने चालत जाऊन पाहणे, एवढाच मार्ग राहतो.

आणि वाटा किती झपाट्याने वाढतात! चार चालींचे प्रकार १,९७,२८१. पाच चालींचे ४८,६५,६०९. सहा चालींचे ११,९०,६०,३२४. सात चालींचे ३,१९,५९,०१,८६०. एखादा मनुष्य अन्न, पाणी व झोप सोडून सेकंदास एक प्रकार या वेगाने मोजू लागला, तर चार चालींचे प्रकार मोजण्यास त्यास सव्वादोन दिवस पुरतील. पाच चालींस छप्पन्न दिवस लागतील. सहा चालींस पावणेचार वर्षे. आणि सात चालींस एकशे एक वर्षे. म्हणजे पणजोबांनी आरंभिलेली मोजणी पणतूने संपवावी, तेव्हा डावात पांढऱ्याच्या चार आणि काळ्याच्या तीन चाली झालेल्या असतील.

साहजिकच हे काम संगणकाकडे गेले. समजा, एखादा संगणक सेकंदास एक कोटी प्रकार मोजतो. सात चालींचे काम तो साडेपाच मिनिटांच्या आत उरकतो. आठ चालींस सुमारे दोन तास बावीस मिनिटे, नवास पावणेतीन दिवसांहून थोडे अधिक, दहास ऐंशी दिवस, अकरास साडेसहा वर्षांवर आणि बारा चालींस जवळजवळ दोनशे वर्षे. एकशे एक वर्षांची मोजणी पाच मिनिटांवर आणणारे यंत्र पाचच चाली पुढे गेल्यावर मनुष्याइतकेच हतबल होते. यंत्राचा वेग दसपट वाढविला, तरी एक चालसुद्धा पुरती पुढे जाता येत नाही. कारण प्रत्येक चालीबरोबर काम सुमारे तीसपट होते. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन याने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखात, चाळीस-चाळीस चालींच्या डावांची संख्या एकावर एकशे वीस शून्ये इतकी होईल असा अंदाज बांधला होता. ती संख्या केवळ वेगाने आटोक्यात येणारी नव्हे.

तर मग ही मोजणी करावयाचीच कशासाठी? बुद्धिबळ उत्तम खेळण्यासाठी तिचा थेट उपयोग नाही. २०२५ साली बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख पटावर बसली म्हणजे कोट्यवधी डाव मोजीत नाही; निरर्थक चाली तिच्या मनात येतही नाहीत. मोजणाऱ्या यंत्रास मात्र चांगली चाल आणि वाईट चाल यांत भेद नाही. वजीर फुकट देणे ही त्याच्या लेखी एक चाल, आणि मात करणे हीदेखील एक चाल. चार चालींच्या १,९७,२८१ प्रकारांत पांढऱ्यावर मात झालेले आठ डाव आहेत. यंत्र त्यांनाही इतरांसारखेच एकेक मोजते.

मोजणीचे प्रयोजन वेगळे आहे. संगणकास बुद्धिबळ खेळावयास लावावयाचे, तर आधी त्यास खेळाचे नियम शिकवावे लागतात, आणि हे शिकविणे दिसते तितके सोपे नाही. प्यादे, हत्ती, घोडा यांचे साधे नियम कोणीही बिनचूक लिहितो. पण बुद्धिबळात काही आडवळणाचे नियम आहेत. प्रतिपक्षाचे प्यादे दोन घरांची उडी घेऊन आपल्या प्याद्याच्या अगदी शेजारी येऊन उभे राहिले, तर ते जणू एकच घर आले आहे असे मानून लगेचच्या चालीत त्यास तिरके मारता येते. फ्रेंच भाषेतून आलेले या नियमाचे नाव ‘आँ पासाँ’, म्हणजे ‘जाता जाता’, असे आहे. ही संधी त्या एका चालीपुरतीच असते. समजा, कार्यक्रम लिहिणाऱ्याने हा नियम घालण्याचे विसरले. संगणक खेळेल, डावही जिंकेल. शंभर डाव पाहूनसुद्धा कदाचित चूक ध्यानात येणार नाही. परंतु मोजणी लावली की चूक लपत नाही. या नियमाने प्यादे मारण्याची वेळ लवकरात लवकर पाचव्या चालीस येते, आणि पाच चालींच्या सर्व प्रकारांत ती बरोबर २५८ वेळा येते. म्हणून ज्या कार्यक्रमात हा नियम नाही, तो एक ते चार चालींपर्यंत अचूक उत्तरे देतो आणि पाचव्यास ४८,६५,६०९ ऐवजी ४८,६५,३५१ सांगतो. जवळजवळ एकोणपन्नास लाखांत २५८ म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण येथे ‘जवळजवळ बरोबर’ असे उत्तरच नसते. एकाने फरक पडला, तरी यंत्रास खेळ येत नाही असाच त्याचा अर्थ.

तोच नियम आणखी एक सापळा रचून ठेवतो. एका आडव्या ओळीत एका टोकाकडे आपला राजा आणि दुसऱ्या टोकाकडे शत्रूचा हत्ती असून, मध्ये केवळ आपले एक आणि शत्रूचे एक प्यादे शेजारी शेजारी उभे असेल, तर या रीतीने मारताच दोन्ही प्यादी एकाच वेळी त्या ओळीतून नाहीशी होतात आणि राजास शह बसतो. म्हणून ती चाल बेकायदा ठरते. एकच प्यादे हलले आहे असे समजून तपासणी करणारा कार्यक्रम येथे हमखास फसतो. किल्लेकोटाचेही तसेच. घोडा, प्यादे आणि उंट हलवून वाट मोकळी केल्यावाचून राजास किल्लेकोट करता येत नाही, म्हणून तो सातव्या चालीच्या आधी संभवतच नाही. सहा चालींपर्यंतचे सर्व आकडे जुळले, तरी किल्लेकोटाचा नियम बरोबर लिहिला आहे किंवा नाही हे त्यांवरून कळत नाही. यासाठी जाणकार लोक आरंभीच्या मांडणीबरोबरच अशा काही मुद्दाम रचलेल्या मांडण्या घेतात की, ज्यांत हे सगळे आडनियम पहिल्या दोन-तीन चालींतच उपयोगात यावेत.

बेरीज चुकली, हे कळल्यावर चूक कोठे आहे हे शोधण्याची रीत अगदी जमाखर्चाच्या वहीसारखी आहे. सबंध वहीची बेरीज जुळत नसेल, तर पानापानाच्या बेरजा ताडून पाहावयाच्या. जे पान चुकले असेल, त्यातील ओळी पाहावयाच्या. तसेच येथे एकूण संख्येचे पहिल्या वीस चालींवार वीस भाग पाडतात आणि दुसऱ्या, विश्वासू कार्यक्रमाच्या आकड्यांशी ते ताडतात. जो भाग चुकला असेल, ती चाल पटावर करून पुन्हा त्याचे भाग पाडतात. असे चार-पाच वेळा केले, की कोट्यवधी डावांतून चुकीचा तो एकच पट समोर येतो. या रीतीचा दुसराही लाभ आहे. कधी एक चूक संख्या वाढविते आणि दुसरी तितकीच घटविते. एकूण बेरीज योगायोगाने जुळते, पण पानांच्या बेरजा सहसा जुळत नाहीत.

आता ही मोजणी कमी श्रमांत कशी होते, ते पाहू. सर्वांत साधी युक्ती शेवटच्या चालीची आहे. प्रत्येक चाल खरोखर पटावर करून, ती मोजून, पुन्हा परत घेणे हा भोळा मार्ग झाला. शेवटच्या चालीपाशी त्याची आवश्यकता नसते. तेथे किती कायदेशीर चाली उपलब्ध आहेत, एवढे पाहिले आणि ती संख्या बेरजेत मिळविली, की पुरे. पाच चालींच्या मोजणीत असे केल्याने ४८,६५,६०९ चाली करण्याऐवजी केवळ १,९७,२८१ पट पाहावे लागतात. बाजाराच्या दारावरील कारकून प्रत्येक कळपातील शेळ्या एकेक करून मांडीवर घेत नाही; कळपातील आकडा पाहून वहीत टिपतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी युक्ती अधिक खोल आहे. पांढऱ्याने आधी राजाकडील घोडा बाहेर काढला आणि मग वजिराकडील, किंवा आधी वजिराकडील आणि मग राजाकडील. मधली काळ्याची चाल तीच असेल, तर तिसऱ्या चालीअखेर पट एकच दिसतो. दौंडहून काष्टीस कोणी आगगाडीने येवो वा मोटारीने. एकदा काष्टीत उतरल्यावर पुढे श्रीगोंद्यास जाण्याच्या वाटा दोघांसही त्याच. त्या दोनदा मोजण्यात काय अर्थ? तीन चालींचे प्रकार ८,९०२ असले, तरी त्यांतून निर्माण होणारे भिन्न पट केवळ ५,३६२ आहेत. चार चालींच्या १,९७,२८१ प्रकारांतून तर सुमारे बहात्तर हजारच पट निघतात. तेव्हा संगणकाने एका पटापासून पुढील वाटा एकदा मोजल्या, की ती संख्या वहीत लिहून ठेवावी. तोच पट पुन्हा आला, तर वही उघडून उत्तर घ्यावे. मोजणी जितकी लांबची, तितका हा लाभ मोठा.

वहीत कोट्यवधी पट लिहावयाचे, तर हवा तो पट चटकन सापडावा कसा? विस्कॉन्सिन विद्यापीठातील आल्बर्ट झोब्रिस्ट याने १९७० साली यावर एक सुंदर उपाय सुचविला. बुद्धिबळात दोन्ही रंगांची मिळून बारा प्रकारची मोहरी आणि चौसष्ट घरे. प्रत्येक मोहऱ्यास प्रत्येक घरासाठी एक, अशा ७६८ मोठमोठ्या संख्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने निवडावयाच्या. पटावर जी मोहरी ज्या घरांत असतील, त्यांच्या संख्या एका विशिष्ट रीतीने एकत्र मिसळल्या म्हणजे त्या पटाचा क्रमांक तयार होतो. मिसळण्याची ही रीत दिव्याच्या बटणासारखी आहे: एकदा दाबले की दिवा लागतो, पुन्हा दाबले की विझतो. तीच संख्या दुसऱ्यांदा मिसळली की ती क्रमांकातून निघून जाते. त्यामुळे एक घोडा हलला, तर सबंध पटाची गणती नव्याने करावी लागत नाही. जुन्या घराची संख्या काढावी, नव्या घराची घालावी. नवा क्रमांक तयार.

या वहीतही सावधगिरी लागते. दोन पट दिसावयास एक असले म्हणजे ते एकच असतात, असे नाही. राजा एकदा हलून पुन्हा आपल्या घरी परतला, तर पट पूर्वीसारखाच दिसतो. पण त्या राजाचा किल्लेकोटाचा अधिकार कायमचा गेलेला असतो आणि पुढील वाटा वेगळ्या असतात. म्हणून चाल कोणाची, किल्लेकोटाचा अधिकार कोणास, जाता जाता मारता येण्याजोगे प्यादे आहे काय, या गोष्टीही क्रमांकात मिसळाव्या लागतात. आणि पुढील किती चालींपर्यंतची ही संख्या आहे, हेही तिच्याशेजारी टिपावे लागते. शिवाय क्वचित दोन अगदी भिन्न पटांचा क्रमांक योगायोगाने एकच येऊ शकतो. तसे झाल्यास वही खोटे उत्तर देते, आणि तेही चुकल्याची कोणतीच खूण न ठेवता. म्हणून मोठ्या मोजण्यांत क्रमांक पुष्कळ लांब घेतात आणि निराळ्या संख्या निवडून तीच मोजणी पुन्हा करून पाहतात.

पटास चौसष्ट घरे आहेत आणि आजचे बहुतेक संगणक एका वेळी चौसष्ट अंकी द्विमान संख्या हाताळतात. या योगायोगाचा फार मोठा उपयोग करून घेण्यात आला आहे. चौसष्ट खणांची एक ओळ कल्पावी. ज्या घरात पांढरे प्यादे असेल त्या खणात एक, इतरत्र शून्य. आता ती सर्व ओळ आठ खणांनी सरकविली, की आठही प्यादी एकदम एकेक घर पुढे गेलेली दिसतात. रिकाम्या घरांची दुसरी ओळ तिच्यावर ताडून पाहिली, की कोणती प्यादी अडली आहेत हेही त्याच क्षणी कळते. आठ प्याद्यांची स्वतंत्र चौकशी करावी लागत नाही.

राहिला मार्ग कामाच्या वाटणीचा. पहिल्या दोन चालींनंतरचे ४०० पट चारशे यंत्रांस वाटून द्यावेत आणि शेवटी बेरीज करावी. एका यंत्राच्या मोजणीशी दुसऱ्याचा संबंध नसल्यामुळे कोणी कोणासाठी थांबत नाही. अनेक गणकांनी एकत्र काम करण्याच्या या तत्त्वावरच १९८८ साली पुणे येथे स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला होता. त्याचे काम अर्थातच बुद्धिबळाहून निराळे, शास्त्रीय गणिताचे होते. पण तत्त्व तेच. एकच मोठी वही सर्वांनी मिळून वापरावयाची ठरविल्यास मात्र वाटणीतही गुंतागुंत येते, कारण एकाने लिहिलेले दुसऱ्याने अर्धवट असतानाच वाचण्याचा धोका उत्पन्न होतो.

या सर्व युक्तींच्या बळावर मोजणी पंधरा चालींपर्यंत पोहोचली आहे. वाटेत दोन गमतीच्या खुणा लागतात. बारा चालींची संख्या ६२,८५,४९,६९,२३,६७,०१,७४७ ही सतरा अंकी आहे. ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने सांगितली आहेत, त्यांत ती मावते. तेराव्या चालीस संख्या एकोणीस अंकी होते आणि परार्धाच्या स्थानापलीकडे जाते. दुसरी खूण बुद्धिबळाच्याच जुन्या कथेतील आहे. खेळाच्या जनकाने राजाकडे पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरांचे दाणे मागितले. ते एकूण १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होतात. संगणकाच्या चौसष्ट खणांत मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच. चौदा चालींचे प्रकार ६,१८,८५,०२,१५,२१,५८,५५,२९,२३७, म्हणजे त्या दाण्यांच्या तिपटीहून अधिक आहेत. तेथे संगणकाचा साधा मोजणीखण भरून सांडतो आणि पुन्हा शून्यापासून चालू लागतो. राजाचे कोठार जेथे अपुरे पडले, तेथेच यंत्राचेही पडते. दोन खण जोडून मोजावे लागते.

पंधरा चालींची संख्या २,०१,५०,९९,९५,००,५३,३६,४४,७१,९६० अशी आहे. पंधरा चाली म्हणजे पांढऱ्याच्या आठ आणि काळ्याच्या सात. खऱ्या सामन्यात तोपर्यंत घोडे व उंट बाहेर पडलेले असतात, पुष्कळदा दोन्ही राजांचे किल्लेकोट नुकतेच झालेले असतात, आणि खेळाडूंचा विचार करण्याचा बहुतेक वेळ अजून शिल्लक असतो.